जुन्या अमेरिकी जहाजाच्या क्वारंटाइनचा हिशेब कसा मांडावा

भोसरीतल्या एका कारखान्यात मी सव्वीस वर्षे आयात-निर्यातीची कागदपत्रे सांभाळली. न्हावा शेवाला कंटेनर अडकला की डेमरेज, म्हणजे विलंबाचा आकार, कोणत्या दिवसापासून सुरू होते, ते कोणाच्या नावावर पडते आणि कोणता कागद आणला की थांबते, एवढे कळण्यातच त्या नोकरीतले निम्मे शहाणपण होते. निवृत्तीनंतर सदाशिव पेठेत शनिवारी जमणाऱ्या एका अभ्यासगटात जाऊ लागलो, तेव्हा सागरी व्यापाराच्या इतिहासावर लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या टिपणांत एक वाक्य पुन्हा पुन्हा दिसू लागले: ‘क्वारंटाइनच्या नियमांमुळे अमेरिकेच्या व्यापाराचे मोठे नुकसान झाले.’ मोठे म्हणजे किती, कोणाचे, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या मालात, असे विचारले की बहुतेक वेळा उत्तर मिळत नसे. त्या प्रश्नांची उत्तरे जुन्या कागदांतून कशी काढावीत, हे या टिपणात सांगितले आहे. अठराव्या शतकाची अखेर आणि एकोणिसाव्या शतकाचा पूर्वार्ध हा काळ समोर ठेवला आहे. बहुतेक साहित्य पुण्यात बसून पाहता येते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा जुन्या वृत्तपत्रांचा संग्रह आणि जेफरसन, मॅडिसन, हॅमिल्टन यांच्या पत्रव्यवहाराचा ‘फाउंडर्स ऑनलाइन’ हा संग्रह, दोन्ही मोफत खुले आहेत.

धोरण नव्हे, एक सफर निवडावी

पहिली चूक विषय निवडतानाच होते. ‘अमेरिकेचे क्वारंटाइन धोरण’ असा विषय घेतला की हाती कायद्यांची यादी लागते, हिशेब लागत नाही. त्याऐवजी एकच सफर घ्यावी, आणि जहाज कोठून निघाले, कोणत्या महिन्यात पोहोचले, पोटात काय होते, या तीन गोष्टी आधी लिहून काढाव्यात. वृत्तपत्रांतील बंदरवार्तांमध्ये जहाजाचा प्रकार, कप्तानाचे आडनाव, निघालेले बंदर आणि वाटेत लागलेले दिवस एवढे एका ओळीत सापडते, आणि जहाज क्वारंटाइनच्या ठिकाणी थांबले असेल तर त्याचीही बहुधा नोंद असते.

सफरीचे दिवस आणि थांबवल्याचे दिवस यांचे प्रमाण सर्वांत आधी काढावे, कारण तेच पुढच्या सगळ्या हिशेबाची दिशा ठरवते. वेस्ट इंडीजच्या बेटांवरून फिलाडेल्फियाला येणाऱ्या गलबताला साधारण तीन आठवडे लागत. अशा गलबताला वीस दिवस रोखले की त्याचा परतीचा प्रवास जवळजवळ दुप्पट लांबतो. याउलट कलकत्त्याची सफर पाहावी. बर्फ घेऊन बॉस्टनहून कलकत्त्याला निघालेले ‘टस्कनी’ हे जहाज १२ मे १८३३ रोजी निघून सप्टेंबरात पोहोचले, म्हणजे एका बाजूचेच सुमारे चार महिने झाले. अशा सफरीत दहा दिवसांची अडवणूक कप्तानाला चीड आणते, पण मालकाला बुडवत नाही. शिवाय चार महिन्यांच्या प्रवासात जहाजावरची साथ बहुधा वाटेतच पेटून विझलेली असते, त्यामुळे पूर्वेकडून आलेल्या जहाजांवर संशयही कमी पडे. क्वारंटाइनचा खरा भार जवळच्या, उष्ण आणि वर्षातून दोन-तीनदा फेरी होणाऱ्या व्यापारावर होता, म्हणजे साखर, कॉफी, काकवी, कातडी आणि फळे यांच्या व्यापारावर. आपल्याकडच्या वाचकाला अमेरिकी जहाज म्हटले की भारत-चीनकडे येणारी मोठी तारवे आठवतात. या विषयात मात्र ती बाजूलाच ठेवावी लागतात.

त्या बंदराचा, त्या वर्षाचा नियम शोधावा

सुरुवातीच्या काळात सबंध अमेरिकेला लागू असा एक नियम नव्हता. आधी प्रत्येक वसाहत आणि नंतर प्रत्येक राज्य आपापला नियम करीत असे, आणि साथ ओसरली की तो ढिला होत असे. मॅसॅच्युसेट्सने १६४७ मध्ये वेस्ट इंडीजहून, विशेषतः बार्बाडोसहून येणाऱ्या जहाजांवर केलेला नियम त्या किनाऱ्यावरच्या पहिल्या नियमांपैकी होता, आणि १६४९ मध्ये तो मागेही घेतला गेला. पुढे बॉस्टनने आधी स्पेक्टकल आणि मग रेन्सफर्ड या बेटांवर व्यवस्था केली. चार्ल्स्टनची व्यवस्था सुलिव्हन बेटावर होती, आणि तिच्याबद्दल थांबून बोलले पाहिजे. तेथे रोखल्या गेलेल्या जहाजांत आफ्रिकेतून पकडून आणलेली गुलाम माणसे असत. व्यापाऱ्याच्या वहीत त्यांचे क्वारंटाइनचे दिवस ‘मालावरचा खर्च’ म्हणून उतरतात. चार्ल्स्टनचे आकडे घेणाऱ्याने हे मजकुरात स्पष्ट लिहावे; नाही तर आपला तक्ताही त्याच वहीच्या भाषेत बोलू लागतो.

फिलाडेल्फियासाठी १७९३ हे वर्ष धरून चालावे. त्या उन्हाळ्यात सेंट डोमिंगोतील (आजच्या हैतीतील) गुलामांच्या उठावापासून पळालेल्या निर्वासितांची जहाजे डेलावेअर नदीत आली, आणि ऑगस्टपासून पसरलेल्या पीतज्वराने सुमारे पन्नास हजारांच्या शहरातील पाच हजारांच्या आसपास माणसे गेली. शहर तेव्हा देशाची राजधानी होते. त्यानंतर आरोग्य मंडळ उभे राहिले, आणि १७९९ मध्ये पुन्हा साथ आल्यावर शहराच्या खाली नदीकाठी टिनिकम बेटावर लाझारेटो, म्हणजे जहाजे व प्रवासी रोखून ठेवण्याचे क्वारंटाइनचे ठाणे, बांधला गेला. १८०१ मध्ये तो सुरू झाला आणि १८९५ पर्यंत चालला. इमारत आजही उभी आहे. उन्हाळ्याच्या महिन्यांत वर जाणाऱ्या प्रत्येक परदेशी सफरीच्या जहाजाला तेथे नांगर टाकावा लागे. वैद्य आणि क्वारंटाइन मास्टर जहाजावर चढत, आणि त्यांनी परवाना दिल्याशिवाय पुढे जाता येत नसे.

न्यूयॉर्कची व्यवस्था आधी बंदरातल्या छोट्या बेटांवर आणि १७९९ पासून स्टेटन बेटावर होती. फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क आणि बाल्टिमोर ही एकमेकांची प्रतिस्पर्धी बंदरे होती, त्यामुळे एका ठिकाणी नियम कडक झाला की माल दुसरीकडे वळण्याची भीती व्यापारी बोलून दाखवीत. ही भीती कितपत खरी ठरली, ते तपासायचे असेल तर त्याच महिन्यात शेजारच्या बंदरात त्याच बेटांवरून किती जहाजे आली, याची मोजणी बंदरवार्तांवरून करावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याशिवाय ‘व्यापार दुसरीकडे वळला’ असे लिहू नये.

केंद्र सरकार या चित्रात कोठे येते, हा प्रश्न प्रत्येक विद्यार्थी विचारतो. १७९६ च्या कायद्याने अध्यक्षांना एवढाच अधिकार दिला की जकातीचे अधिकारी आणि किल्ल्यांवरचे सैनिक यांनी राज्यांच्या क्वारंटाइनला मदत करावी. २५ फेब्रुवारी १७९९ चा कायदा व्यापाराच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. बंदरात आल्यावर चोवीस तासांत कप्तानाने जकात कचेरीत वर्दी द्यावी, असा सर्वसाधारण नियम होता. पण आरोग्य अधिकारी जर त्याला किनाऱ्यावर उतरूच देत नसेल तर तो वर्दी देणार कसा? एका कायद्याने बोलावायचे आणि दुसऱ्याने अडवायचे, हा पेच कागदपत्रांची कामे केलेल्या कोणालाही ओळखीचा वाटेल. १७९९ च्या कायद्याने ही अडचण ओळखून मुदतीत सवलत दिली, क्वारंटाइनमधल्या जहाजाचा माल जवळच्या दुसऱ्या जागी उतरवण्याची मुभा दिली आणि त्यासाठी गोदामांची तरतूद केली. पुढे १८२४ मध्ये गिबन्स विरुद्ध ऑग्डेन या खटल्यात सरन्यायाधीश मार्शल यांनी क्वारंटाइन आणि आरोग्याचे कायदे राज्यांच्या अखत्यारीतील कायद्यांत मोजले. म्हणून हिशेब मांडताना नियम राज्याच्या कायद्यात आणि सवलत केंद्राच्या कायद्यात शोधावी.

आरोग्य दाखला

जहाजाच्या कागदांत जकातीच्या कागदांखालोखाल महत्त्वाचा कागद म्हणजे आरोग्य दाखला. निघण्याच्या बंदरात साथ आहे की नाही, हे त्यावर लिहिलेले असे आणि परक्या बंदरात तेथील वकिलाची म्हणजे कॉन्सलची सही त्यावर लागे. भूमध्य समुद्रातील बंदरे दाखल्याच्या ढोबळमानाने तीन प्रती करीत: निर्मळ, संशयित आणि दूषित. दाखला कोणत्या प्रतीचा, यावर थांबण्याचे दिवस ठरत. येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. दाखला जहाजाच्या प्रकृतीचा नसून बंदराच्या प्रकृतीचा असे. सगळे खलाशी ठणठणीत असले तरी निघाल्या गावात साथ असेल तर दाखला दूषितच, आणि वाटेत कोणी तापाने गेले तर निर्मळ दाखलाही फारसा उपयोगी पडत नसे. अभ्यासकाने म्हणून दाखल्याची तारीख आणि निघण्याची तारीख या दोन्हींची नोंद करावी. दोहोंत अंतर जितके अधिक, तितका अधिकाऱ्याचा संशय अधिक.

तपासणी संपून किनाऱ्याशी व्यवहार करण्याची मोकळीक मिळाली की तिला ‘प्रॅटिक’ म्हणत. आपल्या बंदरांतले पोर्ट हेल्थ ऑफिसर आजही ‘फ्री प्रॅटिक’ देतात, शब्द तोच आहे. पिवळ्या निशाणाचा अर्थ मात्र बदलला. जुन्या काळी ते दिसले की लोक दूर राहत. आजच्या संकेतांत ते निशाण ‘जहाज निरोगी आहे, मोकळीक द्यावी’ अशी विनंती करते. जुन्या चित्रातले पिवळे निशाण आजच्या अर्थाने वाचू नये.

चार निरनिराळ्या मुदती

जहाज ‘वीस दिवस क्वारंटाइनमध्ये होते’ असे एका आकड्यात लिहिणे ही दुसरी मोठी चूक. माणसे, जहाजाचा सांगाडा, माल आणि कागदपत्रे यांच्या सुटकेच्या मुदती वेगवेगळ्या असत. पत्रे व्हिनेगरमध्ये बुडवून किंवा धुरी देऊन लवकर सोडली जात. व्यापाऱ्याला त्यामुळे बाजारभावाची बातमी मालाच्या कितीतरी आधी मिळे, आणि हा फायदा हिशेबात कोणी धरत नाही. आजारी माणसे रुग्णालयात जात, निरोगी प्रवाशांना काही दिवसांनी मोकळे केले जाई. सांगाडा धुऊन, धुरी देऊन, हवा खेळवून शुद्ध करीत. मालाची गोष्ट सर्वांत गुंतागुंतीची होती. कापूस, लोकर, कातडी, चिंध्या यांसारखा माल रोग धरून ठेवतो असे मानले जाई आणि तो उलगडून वाऱ्यावर टाकावा लागे; धातू, लाकूड यांसारख्या मालावर तेवढा संशय नसे. कापूस हा अमेरिकेचा मुख्य निर्यात माल होत चालला होता आणि युरोपच्या नियमांत तो संशयित मालाच्या यादीत होता, हे लक्षात घेतले की अटलांटिकच्या पलीकडची चिडचिड समजते.

माझा सल्ला असा की कागदावर चार उभे रकाने आखावेत आणि प्रत्येकात रोखल्याची व सोडल्याची तारीख वेगळी लिहावी. काही रकाने रिकामे राहतील. ते रिकामेच ठेवावेत, सरासरी घालून भरू नयेत.

दिसणारा आणि न दिसणारा खर्च

आता रकमांकडे वळावे. पुढील आकडे केवळ रीत समजावी म्हणून मी स्वतः घेतले आहेत. ते कोणत्याही खऱ्या जहाजाचे नाहीत. समजा, जुलैत बेटांवरून कॉफी आणि साखर घेऊन आलेल्या दोन डोलकाठ्यांच्या जहाजाला फिलाडेल्फियाखाली वीस दिवस थांबवले. जहाजावर नऊ माणसे, सर्वांचा मिळून पगार महिना १७० डॉलर, आणि माणशी रोजचा शिधा पाव डॉलर. वीस दिवसांचा पगार सुमारे ११३ डॉलर, शिधा ४५ डॉलर. माल पडावांतून उतरवून गोदामात नेण्याचे ६० आणि फीचे २० धरले तर दिसणारा खर्च २३८ डॉलर होतो. बहुतेक टिपणे येथेच थांबतात.

न दिसणारा खर्च याहून मोठा असतो. मालाची किंमत १२,००० डॉलर धरावी. पेनसिल्व्हेनियात कायदेशीर व्याजदर वार्षिक सहा टक्के होता. वीस दिवसांचे व्याज सुमारे ३९ डॉलर. दरम्यान दुसऱ्या दोन जहाजांची कॉफी आधी बाजारात उतरून भाव दोन टक्क्यांनी पडला तर २४० डॉलर गेले. दमट गोदामात एक टक्का माल खराब झाला तर आणखी १२०. ही बेरीज ३९९ डॉलर, म्हणजे दिसणाऱ्या खर्चाच्या दीडपटीहून अधिक. हुकलेली परतीची फेरी यात अजून धरलेलीच नाही. फिलाडेल्फियाचे गलबत जाताना पीठ नेई, आणि बेटांवर पिठाचा भाव पहिल्या येणाऱ्याला जेवढा मिळे तेवढा चौथ्याला मिळत नसे.

हंगामाचा विचार केल्याशिवाय ही हुकलेली फेरी मोजता येत नाही. हिवाळ्यात डेलावेअर नदी गोठे, त्यामुळे डिसेंबर ते फेब्रुवारीत बंदर भरवशाचे नसे. जूनपासून क्वारंटाइनची कडक मुदत, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर हा बेटांकडे चक्रीवादळांचा काळ. म्हणजे मोकळा रस्ता मुख्यतः मार्च ते मे एवढाच. मेच्या शेवटच्या आठवड्यात येणाऱ्या जहाजांची संख्या आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यातली संख्या यांची तुलना करावी. व्यापारी नियमाच्या तारखेआधी पोहोचण्यासाठी धडपडत असतील, तर ती धडपड या मोजणीत दिसायला हवी. माझ्या मते क्वारंटाइनचा सर्वांत खोल परिणाम येथे शोधावा. रोखलेल्या जहाजांचा खर्च कोणीही मोजतो. रोखले जाऊ नये म्हणून ज्यांनी वेळापत्रक बदलले, अर्धा माल बेटावरच सोडून घाईने शीड उभारले, किंवा त्या हंगामात निघालेच नाहीत, त्यांची किंमत कोणत्याही लाझारेटोच्या वहीत नसते.

खर्च कोणावर पडला, हेही लिहावे. जहाज भाड्याने दिलेले असेल तर उत्तर भाडेकराराच्या शब्दांत असते. पगार बहुधा जहाजमालकाच्या माथी, भाव पडल्याचा तोटा मालाच्या मालकाच्या माथी. आणि कित्येकदा हे दोघे एकच असत. दोन रकमा मात्र क्वारंटाइनच्या खात्यात चुकून घालू नयेत. १७९८ पासून खलाशांच्या पगारातून महिना २० सेंट कापले जात, ते आजारी खलाशांच्या रुग्णालयांसाठी. कोणत्याही अडवणुकीशी त्यांचा संबंध नव्हता. दुसरी रक्कम न्यूयॉर्कची. तेथे परदेशातून येणाऱ्या कप्तानाकडून स्वतःसाठी आणि केबिनमधल्या प्रत्येक प्रवाशामागे दीड डॉलर, तर खालच्या वर्गातील प्रवासी आणि खलाशी यांच्यामागे एक डॉलर घेतला जाई, आणि त्यातून क्वारंटाइनचे रुग्णालय चाले. जहाज एक दिवसही थांबले नाही तरी ही रक्कम द्यावी लागे, म्हणून ती विलंबाच्या खर्चात न मिळवता निराळी दाखवावी. प्रवाशांवरची ही पट्टी १८४९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवली.

दुसऱ्या टोकाची अडवणूक

अमेरिकी बंदरांवर लक्ष ठेवताना दुसरे टोक विसरले जाते. १७९३ नंतर युरोपातले युद्ध चालू असताना अमेरिका तटस्थ होती, आणि बेटांची साखर-कॉफी आधी अमेरिकेत आणून मग युरोपात पाठवण्याचा व्यापार झपाट्याने वाढला. १८०७ मध्ये अमेरिकेची एकूण निर्यात सुमारे १० कोटी ८० लाख डॉलर होती आणि त्यातली जवळपास ६ कोटींची निर्यात परदेशी मालाचीच होती. याचा क्वारंटाइनशी संबंध असा की कॉफीच्या एकाच पोत्याला दोनदा थांबावे लागू शके: एकदा डेलावेअरच्या काठी बेटांचा माल म्हणून, आणि पुन्हा भूमध्य समुद्रात पीतज्वराच्या देशाचा माल म्हणून. १७२० मध्ये ‘ग्रां सेंत आंत्वान’ या जहाजातून आलेल्या प्लेगने मार्से या फ्रेंच बंदराची भयंकर हानी केली होती. त्या किनाऱ्यावरच्या अधिकाऱ्यांकडे दयामाया नसण्याचे कारण त्या आठवणीत होते.

या टोकाचे एक उदाहरण तारखांसह उपलब्ध आहे, आणि नव्या अभ्यासकाने हाताला वळण लागावे म्हणून आधी तेच सोडवून पाहावे, असे मला वाटते. न्यूयॉर्कचे व्यापारी विल्यम मॅगी सेटन हे क्षयाने आजारी होते आणि त्यांची पेढी आधीच बुडाली होती. हवापालटासाठी ते पत्नी एलिझाबेथ आणि आठ वर्षांची मोठी मुलगी यांना घेऊन २ ऑक्टोबर १८०३ रोजी ‘शेफर्डेस’ जहाजाने इटलीतील लिव्होर्नो बंदराला निघाले. तेथे फिलिक्की या व्यापारी कुटुंबाशी त्यांचे जुने संबंध होते. १८ नोव्हेंबरला जहाज पोहोचले. म्हणजे प्रवास ४७ दिवसांचा झाला. पण न्यूयॉर्कमध्ये पीतज्वर असल्यामुळे तिघांना थेट शहराबाहेरच्या लाझारेटोत नेण्यात आले. दमट आणि गार खोलीत महिनाभर काढून ते १९ डिसेंबरला सुटले, आणि २७ डिसेंबरला पिसा येथे विल्यम वारले. एलिझाबेथ यांनी त्या दिवसांची रोजनिशी लिहिली; पुढे त्या कॅथलिक झाल्या आणि १९७५ मध्ये त्यांना संतपद मिळाले. हिशेबाच्या भाषेत: ४७ दिवसांच्या प्रवासाला महिन्याची अडवणूक, म्हणजे सुमारे दोन-तृतीयांश वाढ, आणि ती अशा रोगापायी, जो त्या तिघांपैकी कोणालाच नव्हता.

याच घराची दुसरी बाजूही वाचावी. एलिझाबेथ यांचे वडील डॉ. रिचर्ड बेली हे न्यूयॉर्क बंदराचे आरोग्य अधिकारी होते. स्टेटन बेटावर रोखलेल्या आयर्लंडच्या स्थलांतरितांना तपासताना त्यांना ताप जडला आणि १७ ऑगस्ट १८०१ रोजी ते वारले. बापाने जहाजे अडवता अडवता जीव गमावला, आणि दोन वर्षांनी त्याच कारणासाठी लेक-जावई परक्या किनाऱ्यावर अडवले गेले. क्वारंटाइनला केवळ जुलूम किंवा केवळ सोय म्हणून लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला मी या दोन तारखा शेजारी शेजारी मांडायला सांगतो.

नियमाला हसण्याआधी

पीतज्वर डासांमुळे पसरतो, असे कार्लोस फिनले यांनी क्यूबात १८८१ मध्ये मांडले आणि १९०० मध्ये वॉल्टर रीड यांच्या मंडळाने ते सिद्ध केले. म्हणून आज कापूस वाऱ्यावर टाकणे किंवा पत्रे धुरात धरणे हास्यास्पद वाटते. पण हिशेबात ‘निरर्थक खर्च’ असा रकाना घालण्याची घाई करू नये. डास चावल्यापासून ताप येईपर्यंत तीन ते सहा दिवस जातात, आणि रोग्याकडून डासाला संसर्ग होण्याचा काळ आजाराच्या पहिल्या काही दिवसांपुरताच असतो. म्हणजे शहरापासून दूर दहा-बारा दिवस थांबवलेला रोगी शहरात पोहोचेपर्यंत निरुपद्रवी झालेला असे. नियम ज्या गोष्टीला घाबरत होता ती चुकीची होती, पण अंतर आणि वेळ ही त्याची दोन्ही साधने काही अंशी बरोबर होती. खरा धोका मात्र पाण्याच्या उघड्या पिंपांत वाढणाऱ्या अळ्यांचा होता, आणि पिंपांकडे वैद्यांची नजर वळण्याचे काही कारणच नव्हते.

त्या काळच्या वादाकडेही व्यापाराच्या चष्म्यातून पाहावे. १७९३ मध्ये डॉ. बेंजामिन रश यांनी साथीचे खापर धक्क्यावर सडत पडलेल्या कॉफीवर फोडले. फिलाडेल्फियाच्या वैद्यांचा दुसरा गट रोग बाहेरून आला असे म्हणत होता. रोग बाहेरचा म्हटला तर जहाजे अडणार, रोग गावचा म्हटला तर गावाची पत जाणार; दोन्हीकडून व्यापाऱ्याच्याच खिशाला कात्री. त्यात अडवलेली कॉफी सडे आणि सडलेली कॉफी रोगाचे कारण ठरे, हा विनोद त्या काळच्या कोणाच्या ध्यानात आला होता की नाही, कोण जाणे.

पुण्याच्या वाचकाला येथे १८९७ आठवणारच: रेल्वे स्टेशनावरची तपासणी, घरोघरचे सोजिर, रँडचा वध. त्याच वर्षीचा साथरोग कायदा आपण २०२० मध्ये पुन्हा अनुभवला, आणि जहाजे तपासण्याचा व अडवण्याचा अधिकार त्या कायद्यातही आहे. ही आठवण उपयोगी आहे, कारण रोखले गेलेल्यांचा संताप ती समजावून देते. स्टेटन बेटाच्या रहिवाशांनी सप्टेंबर १८५८ मध्ये शेजारची क्वारंटाइनची रुग्णालये जाळून टाकली, हे वाचून आपल्याला नवल वाटत नाही. मात्र तेथे जाळणारे लोक अडवले गेलेले नव्हते. दारात आणून ठेवलेल्या रोग्यांना आणि घसरलेल्या जमिनीच्या भावाला ते वैतागलेले होते. आपल्या आठवणीचा साचा तेथे जसाच्या तसा बसवू नये.

तारखांची एक फसगत

बेरीज करण्याआधी तारखा तपासाव्यात, कारण या कामात माझी स्वतःची सर्वांत मोठी चूक येथेच झाली होती. समुद्रावर असताना जहाजाच्या नोंदवहीतला दिवस मध्यरात्री सुरू न होता आदल्या दुपारी बारा वाजता सुरू होई. ब्रिटिश आरमाराने ही रीत १८०५ मध्ये सोडली, अमेरिकी आरमाराने १८४८ मध्ये. व्यापारी जहाजांतही ती रुळलेली होती. म्हणून नोंदवहीत ‘९ जुलै, दुपारनंतर’ नांगर टाकल्याचे लिहिले असेल तर किनाऱ्यावरच्या पंचांगाप्रमाणे ती ८ जुलैची दुपार असते, आणि लाझारेटोच्या वैद्याने आपल्या वहीत ८ जुलैच लिहिलेले असते. शिवाय बंदरात नांगर टाकल्यावर कित्येक कप्तान किनाऱ्याचा दिवस धरू लागत, त्यामुळे एकाच वहीत दोन पद्धती सापडतात. पाच दिवसांच्या अडवणुकीत एका दिवसाची चूक म्हणजे वीस टक्के. तक्त्यात प्रत्येक घटनेसाठी ‘वहीतली तारीख’ आणि ‘किनाऱ्याची तारीख’ असे दोन रकाने ठेवावेत, नांगर टाकण्याच्या नोंदीपाशी पद्धत बदलली आहे का ते पाहावे, आणि मगच पगार व शिध्याच्या दिवसांची बेरीज करावी.